आरसा, काटा आणि कमरेची टेप

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २००४ साली दोन डॉक्टरांचा फोटो छापला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने काढलेला वजनाचा आकडा, अगदी दशांशापर्यंत सारखा होता: २२.३. काट्याच्या हिशेबात दोघांत काही फरक नव्हता आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांनाही दोघे बारीकच दिसत होते. पण अंगातली चरबी यंत्राने मोजली तेव्हा ती युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. याज्ञिकांनी स्वतःचंच शरीर पुराव्यादाखल पुढे ठेवलं आणि भारतीय माणसाच्या आरोग्याबद्दलची एक मोठी गोष्ट एका फोटोत सांगून टाकली. फोटो दोन पुरुषांचा होता, तरी त्यातून शिकण्यासारखं सर्वांत जास्त बायकांनाच आहे असं मला वाटतं. कारण आपल्याकडे बाईच्या शरीराचं मोजमाप लहानपणापासून डोळ्यांनीच होत आलेलं आहे.

हे मोजमाप करणाऱ्यांची भाषा सगळ्यांच्या ओळखीची आहे. हळदीकुंकवाला भेटलेली मावशी 'अगं, किती सुटलीस!' म्हणते आणि पुढच्या वर्षी तीच 'किती वाळलीस, जेवत नाहीस का?' असं विचारते. लग्नाच्या जाहिरातीत मुलगी सडपातळ असल्याचं आवर्जून लिहिलं जातं. बाळंतपणानंतर पोट बांधलं का, याची चौकशी घरादारात होते. चाळिशीनंतर गुडघा दुखायला लागला की डॉक्टरांच्या आधी शेजारीणच निदान सांगून मोकळी होते. या सगळ्याला विटलेल्या तरुण मुली गेल्या काही वर्षांत वेगळं बोलू लागल्या आहेत: माझं शरीर जसं आहे तसं मला मान्य आहे, त्यावर तुम्ही बोलायचं काम नाही. त्यांच्यासमोर दुसरा आवाज तितकाच ठाम आहे. घराघरांत मधुमेह, बीपी आणि थायरॉईडच्या गोळ्या आल्या असताना 'आहे ते छान आहे' म्हणणं म्हणजे आजाराला आवतण देणं, असं हा आवाज म्हणतो. मग बाईसमोर निवड ठेवली जाते: स्वतःला स्वीकारणार आहेस, की वजन कमी करणार आहेस? ही निवडच खोटी आहे. शरीराचा मान ही एक गोष्ट आहे आणि त्याची निगा ही दुसरी. मानाला कुठलीही अट नसते. निगेला मोजमाप लागतं, आणि ते मोजमाप आरशात मिळत नाही. आरोग्याचा निकाल दिसण्यावरून लावायची सवय सोडली, तर एकच बाई दोन्ही गोष्टी एकाच वेळी करू शकते. किंबहुना पहिली नसेल तर दुसरी फार दिवस टिकत नाही, असंच पुरावा सांगतो.

आधी डोळा कुठे फसतो ते पाहू. केईएमच्या संशोधकांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, घरचं सगळं करणाऱ्या या बायकांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची जन्मली, तर इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी दिसत होती आणि त्यांचे स्नायू नि पोटातले अवयवही लहान होते. पण पाठीवरच्या कातडीखाली चरबीचा थर मात्र वजनाच्या मानाने चांगलाच शाबूत होता. वजनाने कमी आणि चरबीने भरलेलं, असं हे 'बारीक-जाड' बाळ जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत पोहोचलं. ज्या आयांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं मोठी होती. बाईच्या ताटातल्या मेथीचा किंवा चाकवताचा हिशेब पुढच्या पिढीच्या अंगात असा उतरतो. वंशपरंपरेने आणि पोटातल्या पोषणाने घडलेला हा बांधा मोठेपणी कमी स्नायू आणि जास्त चरबी घेऊन येतो. ती चरबी दंडा-मांडीपेक्षा पोटात, यकृताभोवती साठायला बघते. याच चरबीने इन्सुलिनचं काम अडतं. म्हणून युरोपीय माणसाला ज्या वजनावर मधुमेह होतो, त्याच्या कितीतरी अलीकडे तो आपल्याला गाठतो.

आता काट्याकडे येऊ. बीएमआयचं सूत्र, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हे अडोल्फ केटले या बेल्जियन गणितज्ञाने १८३० च्या दशकात मांडलं. तो डॉक्टर नव्हता आणि एकेका माणसाची तब्येत तपासणं हा त्याचा हेतूही नव्हता. त्याला समाजाची सरासरी काढायची होती. पुढे १९७२ साली अमेरिकी संशोधक अँसेल कीज यांनी त्याला आजचं नाव दिलं, तेही फक्त पुरुषांच्या मोजमापांवरून. मोठ्या लोकसंख्येचा अंदाज घ्यायला हा आकडा आजही उपयोगी आहे, म्हणून तो फेकून द्यायची गरज नाही. पण एका बाईच्या बाबतीत तो चरबी आणि स्नायू यांत भेद करत नाही, चरबी कुठे आहे तेही सांगत नाही. शिवाय जगासाठी जास्त वजनाची सीमा २५ असली, तरी आशियाई लोकांसाठी ती २३ धरावी अशी शिफारस झालेली आहे आणि भारतीय डॉक्टर तीच वापरतात. म्हणजे २४ बीएमआयची बाई एका तक्त्यात ठीक आहे आणि दुसऱ्या तक्त्यात नाही. आरोग्याच्या दृष्टीने जास्त बोलकी खूण काट्यावर नाही, कमरेवर आहे: भारतीय बाईसाठी ८० सेंटिमीटर. त्यापुढे पोटातल्या चरबीची शंका घ्यावी.

हे माप घ्यायला शिंप्याची साधी टेप पुरते, पण ते बहुतेक घरांत चुकीच्या जागी घेतलं जातं. परकराची नाडी जिथे बांधतो ती जागा किंवा बेंबीखालची घडी, ही ती जागा नाही. बरगड्यांचं शेवटचं हाड बोटांनी चाचपायचं, मग कुशीला कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपायचा आणि या दोन्हींच्या बरोबर मधे टेप गुंडाळायची. टेप जमिनीला समांतर हवी, अंगाला टेकलेली हवी, पण रुतलेली नको. पोट आत ओढायचं नाही. नेहमीसारखा श्वास सोडून झाला की त्या क्षणी आकडा वाचायचा. दर दोन-तीन महिन्यांनी हे एवढंच केलं, तर रोज सकाळी काट्यावर उभं राहून दिवस खराब करण्यापेक्षा जास्त कळतं. पाळीच्या आधी अंगात पाणी धरतं, आदल्या रात्री लोणचं-पापड झालेलं असतं, पोट साफ झालेलं नसतं. अशा कारणांनी काटा एक-दोन किलो सहज हलतो आणि त्यात चरबीचा काही संबंध नसतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २१ या काळात झाली. तिच्यात पहिल्यांदाच कंबर आणि नितंब यांची मापं घेतली गेली, आणि माझ्या युक्तिवादाचा सर्वांत भक्कम आधार तिथेच आहे. १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी २४ टक्के बायका बीएमआयनुसार जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ ठरल्या. कंबर आणि नितंब यांच्या गुणोत्तरावरून मात्र ५६.७ टक्के बायका धोक्याच्या गटात आल्या. साधी वजाबाकी केली तरी दिसतं, की दर शंभरातल्या किमान ३२ बायका काट्याच्या लेखी जाड नाहीत, पण त्यांच्या पोटावरचं माप काळजी करावी असं आहे. हे गुणोत्तर म्हणजे अंतिम निदान नव्हे, तरी इतकी मोठी तफावत डोळ्याआड करता येत नाही. या बायकांना आयुष्यभर 'तुझं बरंय बाई, तुला काही लागत नाही' असंच ऐकायला मिळालेलं असणार, आणि म्हणून त्यांनी रक्त तपासून घेतलेलं नसणार. महाराष्ट्राचे आकडेही बघावेत. आपल्या राज्यात २३.४ टक्के बायका जास्त वजनाच्या आहेत, २०.८ टक्के बायकांचं वजन कमी आहे आणि निम्म्याहून जास्त, ५४.२ टक्के, बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. ज्या राज्यात जास्त वजन आणि कमी वजन जवळपास सारख्याच प्रमाणात आहे, तिथे भेटेल त्या बाईला 'वजन कमी कर' असा सल्ला देणं धोक्याचं आहे. जाड दिसणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिनही नऊ असू शकतं. तिने डाएटच्या नावाखाली जेवण अर्धं केलं, तर पोट उतरण्याआधी ती जिना चढताना धापा टाकू लागेल.

यावर पहिला आक्षेप येतो तो मोठ्या माणसांकडून, आणि तो प्रेमापोटीच येतो. चार शब्द बोललं नाही, थोडी लाज वाटली नाही, तर ती बदलणार कशी? हा समज तपासून पाहिलेला आहे. इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या सुमारे ३,००० लोकांचा चार वर्षं माग ठेवला गेला. वजनावरून हिणवलं गेल्याचं ज्यांनी सांगितलं, त्यांचं वजन या काळात सरासरी ०.९५ किलोने वाढलं. ज्यांना तसा अनुभव नव्हता, त्यांचं ०.७१ किलोने उतरलं. अमेरिकेतल्या अशाच एका मोठ्या अभ्यासात, सुरुवातीला लठ्ठ नसलेल्या पण वजनावरून वाईट वागणूक मिळालेल्या लोकांमध्ये पुढे लठ्ठ होण्याची शक्यता सुमारे अडीच पट दिसली. असे अभ्यास कारण आणि परिणाम पक्के जोडत नाहीत, हे मान्य. पण टोमण्याने माणसं बारीक होतात असं म्हणणाऱ्याच्या बाजूने या अभ्यासांत काहीच मिळत नाही. आणि हे का घडतं तेही समजण्यासारखं आहे. हिणवलेली बाई चालायला बाहेर पडायचं टाळते, कारण लोक बघतात. पोहायला जात नाही, कारण तो पोशाख घालायचा असतो. दवाखान्यात जायचं लांबवते, कारण तक्रार पाळीची असो की घशाची, ऐकून वजनाबद्दलच घ्यावं लागतं. चारचौघांत जेमतेम खाते आणि रात्री सगळे झोपल्यावर डबा उघडते. हे सगळं लाजेतून येतं, आळसातून नाही.

लाज किती लवकर पसरते याचा धडा फिजी बेटांवरून मिळतो. तिथल्या समाजात भरलेलं अंग चांगलं मानलं जाई. कुणी वाळलं तर घरच्यांना काळजी वाटे. नाद्रोगा या भागात १९९५ साली टीव्ही आला. ॲन बेकर या अमेरिकी संशोधिकेने शाळकरी मुलींची तेव्हा एकदा आणि १९९८ साली पुन्हा पाहणी केली. खाण्याबद्दलच्या विकृत वृत्तीची लक्षणं असलेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या होत्या. वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी पूर्वी सापडली नव्हती. तीन वर्षांनी अशा मुली ११.३ टक्के होत्या. हा फक्त तीन वर्षांचा टीव्ही होता. आज आपल्या नववी-दहावीतल्या मुलींच्या हातात जो फोन आहे, त्यात गाल बारीक करणारे फिल्टर आयते मिळतात. दिसण्यासाठी उपाशी राहणारी मुलगी आरोग्य मिळवत नाही. वाढीच्या वयात तिच्या हाडांत भरायचं कॅल्शियम भरत नाही, पाळी लांबते किंवा थांबते, आणि या वयात गमावलेली हाडांची ताकद पुढे भरून काढणं फार अवघड असतं.

उपासमारीबद्दल विज्ञानाला जे ठाऊक आहे, त्याची सुरुवातही बीएमआयला नाव देणाऱ्या त्याच अँसेल कीज यांच्यापासून होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटात त्यांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्या तरुणांना दुसरं काही सुचेना. ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसत, घासन् घास तासभर पुरवत, चिडचिडे आणि उदास झाले. अन्न पुन्हा मोकळं झाल्यावर त्यांच्यातले कित्येक जण पोट भरूनही थांबू शकत नव्हते. डाएट मोडल्यावर स्वतःला कमकुवत मनाची समजणाऱ्या प्रत्येक बाईला ही गोष्ट माहीत असायला हवी. अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतले १४ स्पर्धक सहा वर्षांनी पुन्हा तपासले गेले तेव्हा बहुतेकांचं वजन बऱ्याच अंशी परत आलेलं होतं. त्यांचं शरीर विश्रांतीच्या अवस्थेत रोज अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. झपाट्याने घटलेल्या वजनाला शरीर दुष्काळ समजतं आणि तसंच वागतं. भारतात २०२५ पासून मिळू लागलेली वजनाची नवी इंजेक्शनं या भुकेवरच काम करतात आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी ती मोठा आधार आहेत. पण त्यांच्यातल्या सेमाग्लुटाइडची चाचणी असं दाखवते, की औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत येतं. शिवाय घटलेल्या वजनात स्नायूही असतात. मुळात स्नायू कमी असलेल्या आपल्या बायकांनी लग्नाच्या हॉलमध्ये चांगलं दिसायला ही इंजेक्शनं घेणं मला सरळ चूक वाटतं.

दुसरा आक्षेप विरुद्ध बाजूने येतो आणि त्यालाही तितक्याच सरळपणे उत्तर द्यायला हवं. लाज वाईट, डाएट फसवं, काटा अपुरा. मग मोजायचंच कशाला? माझं रक्त ठीक आहे, बीपी ठीक आहे, वजन जास्त असलं म्हणून काय बिघडलं? न्यूयॉर्कमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस जाड लोकांच्या हक्कांची चळवळ उभी राहिली, तेव्हा तिची मागणी नोकरीत, दवाखान्यात आणि सार्वजनिक जागी माणूस म्हणून वागवण्याची होती. ती मागणी शंभर टक्के न्याय्य होती आणि आजही आहे. पण त्या मागणीतून जास्त वजनाचा शरीराला त्रास होत नाही, असा निष्कर्ष निघत नाही. ब्रिटनमधल्या ३५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्यावर असं दिसलं, की साखर, बीपी आणि कोलेस्टेरॉल व्यवस्थित असलेल्या लठ्ठ लोकांनाही हृदयविकाराचा धोका तशाच निरोगी पण नेमक्या वजनाच्या लोकांपेक्षा ४९ टक्क्यांनी जास्त होता. बायकांच्या बाबतीत यादी आणखी वाढते: गुडघ्यांची झीज, गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग, गरोदरपणातला मधुमेह. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या सात ते दहा पट असते, आणि आपल्याकडे बाळ झाल्यावर तिची साखर तपासायचं सगळेच विसरून जातात. ज्या शरीरावर आपलं प्रेम आहे, त्याची ही माहिती करून घेणं हा प्रेमाचाच भाग आहे. स्वतःला मानणारी बाई रक्ताचा रिपोर्ट निर्भयपणे उघडू शकते. त्यातला आकडा आपल्या किमतीचा नाही, हे तिला ठाऊक असतं.

मग करायचं काय, या प्रश्नाला भारतातलाच एक सुंदर प्रयोग उत्तर देतो आणि तो पुरेसा लोकांपर्यंत गेलेला नाही याची मला खंत वाटते. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ लोकांवर केलेला हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत, नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांना चालायला आणि आहार सुधारायला सातत्याने मदत केली, त्यांच्यात ३९ टक्क्यांना झाला. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढे आहे: या दुसऱ्या गटाचं वजन फारसं घटलंच नव्हतं. काट्यावर काही दिसत नसताना शरीर आतून सुधारत होतं. काटा हलला नाही म्हणून महिन्याभरात चालणं सोडून देणाऱ्या बाईला हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं. वजन घटलं तर फायदा वाढतो, हेही खरं. अमेरिकेतल्या अशाच मोठ्या प्रयोगात ७ टक्के वजन घटवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचालीचं ध्येय ठेवलं होतं आणि मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. ७ टक्के म्हणजे ७० किलोच्या बाईला जेमतेम पाच किलो. लग्नाआधीच्या ब्लाऊजमध्ये परत शिरणं हे ध्येय कुठल्याही संशोधकाने ठेवलेलं नाही. पीसीओडी असलेल्या जास्त वजनाच्या मुलीची पाळीही पाच ते दहा टक्के वजन उतरल्यावर बरेचदा रुळावर येते. ती अजूनही जाडच दिसत असेल, आणि आतून बरीच बरी झालेली असेल.

मराठी ताटाला यासाठी परदेशी बियांची गरज नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, पिठलं, पालेभाजी, ताक, परवडेल आणि चालेल तिथे अंडी-मासे, हे जेवण चांगलंच आहे. बिघाड त्याच्या वाटपात आहे. पोळी-भाताचा वाटा मोठा, उसळ वाटीच्या तळाशी, आणि तीही बाईच्या वाटणीला सगळ्यात शेवटी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबाने शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५५ किलोच्या बाईला ४५ ग्रॅमच्या वर. वाटीभर आमटीने ही गरज भागत नाही. उपवासाच्या नावाने साबुदाण्याची खिचडी नि बटाट्याचे वेफर्स, आणि टाकवत नाही म्हणून शिळं संपवणं, या दोन्ही सवयी बाईच्याच अंगावर चढतात. व्यायामात चालण्यासोबत स्नायूंना ताण देणारं काहीतरी आठवड्यातून दोनदा हवंच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खुर्चीतून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठणं-बसणं किंवा पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं, एवढ्यानेही सुरुवात होते. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटतं, चरबी नितंबांकडून पोटाकडे सरकते आणि स्नायू झपाट्याने उतरतात. त्या वयात तर वजन उचलणं हे चालण्याइतकंच महत्त्वाचं आहे. 'आमच्या आज्या कुठे जिमला जायच्या?' असं विचारणाऱ्यांनी त्या दळण, कांडण आणि विहिरीचं पाणी हातांनी करत होत्या हे आठवावं.

तिसरा आक्षेप बाईचा स्वतःचा आहे आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो: वेळ कुठे आहे? २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या भारतीय बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं आढळलं. पुरुषांची ९७. पाच तास ओट्याशी उभं राहणाऱ्या बाईला 'घरकाम हाच व्यायाम' म्हणून समजूत घालता येणार नाही, कारण त्यातलं बरंचसं काम तिला थकवतं, पण दम लागेल इतकं हृदय चालवत नाही आणि स्नायूही वाढवत नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आकडेवारीनुसार भारतातल्या ५७ टक्के बायका आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी हालचाल करत नाहीत. हा फरक बायकांच्या इच्छाशक्तीचा नाही. सुरक्षित रस्ता, उजेड असलेलं मैदान, आणि सकाळचा डबा दुसऱ्या कुणीतरी भरणं यांचा आहे. बाईने स्वतःला स्वीकारावं की बदलावं यावर वाद घालणाऱ्या घराने आधी तिला रोजची चाळीस मिनिटं मोकळी करून द्यावीत. त्या वेळी कुणी चहा मागू नये.

म्हणून एक विनंती घरातल्या मोठ्यांना आहे. पुढच्या कार्यात भाची किंवा सून भेटली, की तिच्या अंगाबद्दल एक शब्दही बोलू नका, कौतुकाचासुद्धा नाही. बारीक झाल्याचं कौतुकही तिला काट्याशीच बांधतं. आणि एक वाचणाऱ्या बाईला: घरातली टेप काढून कंबर मोजा, बारीक असलात तरी मोजा. ८० सेंटिमीटरच्या वर असेल, किंवा आई-वडिलांना मधुमेह असेल, किंवा गरोदरपणात साखर वाढली होती, तर साखर, बीपी आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रांत ३० वर्षांवरच्या प्रत्येक व्यक्तीची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी, आणि बायकांची स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीही, विनामूल्य होते. गावातल्या आशाताईंना दिवस विचारून घ्या, आणि जाताना घरातल्या बारीक बाईलाही सोबत न्या.